सोंगाड्याच्या तोंडचा शब्द

मराठी रंगभूमीचा इतिहास १८४३ साली सांगलीत सुरू झाला, असे आपल्याला शाळेत शिकविले जाते. विष्णुदास भावे यांचे ‘सीता स्वयंवर’ त्या वर्षी झाले हे खरे आहे आणि ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन त्यामुळेच साजरा होतो. पण त्या दिवसाच्या कितीतरी आधीपासून ज्यांच्या पिढ्या टेंभ्याच्या उजेडात, जत्रेच्या माळावर उभ्या होत्या, त्यांना कोणत्या खात्यात जमा धरावयाचे? इतिहासकारांनी त्यांच्यासाठी ‘लोककला’ नावाची एक वेगळी आळी बांधून दिली आहे. गावाला जशी गावकुसाबाहेरची वस्ती, तशी नाट्येतिहासाला ही आळी. तेथे अधूनमधून पाहुणे येतात, कौतुक करतात, दोन चिजा उचलून नेतात आणि मुख्य रस्त्याला लागतात.

ह्या आळीतल्या एका नटाविषयी मला लिहावयाचे आहे. दादू इंदुरीकर हे त्यांचे तमाशातले नाव. घरचे नाव गजानन सरोदे. तळेगावहून चाकणकडे जाताना इंद्रायणीच्या काठी इंदुरी हे गाव लागते. सरदार दाभाड्यांच्या गढीचे बुरूज तेथे अजून उभे आहेत. त्या गढीच्या इतिहासावर लेख निघतात, पाट्या लागतात. त्याच गावाचे नाव एका सोंगाड्याने अर्ध्या महाराष्ट्राच्या ओठांवर नेऊन ठेवले, त्याची पाटी कोठे दिसत नाही. दादूंचे घर कोणत्या आळीत होते, ही चौकशी मी येथे करीत नाही. जो तमाशात उतरला त्याच्याकडे गाव एकाच नजरेने पाही, आणि ती नजर ह्या पानांच्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही.

मी राहतो वाकडला. आज वाकड म्हटले की लोकांना हिंजवडीच्या कंपन्या, वीस-वीस मजली इमारती आणि पुलाखाली तुंबलेली वाहने आठवतात. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले, त्याआधी येथे मुळेच्या काठाला शेती होती. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून वाकडला येई. ते अजून येते. मुळशी-मावळात जत्रा म्हटली की देवाला पालखी, पैलवानांना आखाडा आणि रात्री तमाशा, हा क्रम ठरलेला. असल्याच एका जत्रेत, मावळात, मी लहानपणी चुलत्यांच्या खांद्यावर बसून ‘गाढवाचं लग्न’ पाहिले. कथा आता सर्वांना ठाऊक आहे. इंद्राच्या शापाने गाढव झालेला गंधर्व सावळ्या कुंभाराच्या घरी येतो आणि राजाच्या मुलीशी त्याचे लग्न लावण्याची कामगिरी ह्या फाटक्या कुंभारावर पडते. वग हरिभाऊ वडगावकर यांचा. सावळ्या कुंभार म्हणजे दादू आणि त्याची गंगी म्हणजे प्रभा शिवणेकर. मला त्या रात्रीचे एकच स्पष्ट आठवते. सावळ्या दरबारात शिरतो, दिवाणापुढे उभा राहतो आणि काही बोलतच नाही. तो नुसता उभा होता आणि माळावरची माणसे हसून हसून आडवी होत होती. चुलत्यांचा खांदा गदगदत होता, म्हणून मी खाली पडू नये अशी धडपड करीत होतो.

हे चुलते स्वतः एका फडात ढोलकी वाजवीत असत. त्यांच्याविषयी पुढे सांगावे लागेल.

सोंगाड्या हा नट म्हणजे काय, हे नाटकवाल्यांना सांगताना नेहमी अडचण येते. गण झाला, गवळण झाली, मावशीची थट्टा झाली, बतावणी झाली की वग लागतो. वगाला कथा असते, पण लिहिलेली संहिता असेलच असे नाही. राजा ठरावीक बोलतो, प्रधान ठरावीक बोलतो, सोंगाड्याचे काहीच ठरलेले नसते. तो त्या गावचा पाटील, त्या वर्षीचा दुष्काळ, समोर बसलेल्या सावकाराचे पागोटे, जे हाताला येईल ते घेऊन बोलतो. राजाच्या भाकरीवर जगणारा चाकर राजाला तोंडावर मूर्ख ठरवितो आणि राजाला हसावे लागते. गावात ज्याला चावडीच्या पायरीवर चढता येत नव्हते, तो रात्री बारानंतर राजाच्या दरबारात असा बोलत होता. उजाडले की तोच माणूस पाटलाच्या दारात भाकरीसाठी उभा. हा रात्रीचा परवाना समाजाने त्याला का दिला, ह्याचे उत्तर सोपे आहे. शब्द तोंडातून निघाला की विरून जात होता. तो कोणी लिहून घेत नव्हते.

तो लिहून मागितला गेला स्वातंत्र्यानंतर. १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारने तमाशा अश्लील ठरवून त्यावर बंदी घातली. फडमालक आणि कलावंत रस्त्यावर आले. मग समिती बसली, सुधारणेच्या अटी ठरल्या, बंदी उठली. त्या अटींत वगाची संहिता आधी दाखवून मंजूर करून घेण्याची अट होती. ज्याला धड सही करता येत नव्हती त्या सोंगाड्याने आज रात्री आपल्याला काय सुचणार आहे ते महिनाभर आधी कागदावर द्यावयाचे! अश्लीलता मोडावयाची होती की तोंड बांधावयाचे होते, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या लाल बावटा पथकाने मात्र तोच साचा घेऊन गणातून गणपती काढला, गवळणीतून कृष्ण काढला आणि गिरणी कामगाराला वगाचा नायक केला. त्यांच्या प्रयोगांवरही बंदी आली. तेथे अश्लीलतेचे कारण देण्याची सोय नव्हती.

आता थोडे दूर जावे लागते. दादूंचा विचार करताना मला दुसरा एक नट नेहमी आठवतो, आणि तो अमेरिकेचा आहे. दलित साहित्याची चर्चा सुरू झाली तेव्हा आपण काळ्यांचे साहित्य वाचू लागलो. १९७२ साली पँथर निघाली तिचे नावही तिकडूनच आले. पण आपण कवी वाचले, कादंबरीकार वाचले. नटांकडे आपले लक्ष गेले नाही.

चार्ल्स गिल्पिन यांचा जन्म १८७८ सालचा, व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरातला. छापखान्यात काम शिकले. मग गाण्याबजावण्याच्या फिरत्या कंपन्यांत शिरले. ह्या कंपन्यांचा एक जुना खेळ असे. गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्यांची सोंगे आणीत. त्यांचे आळशी, भित्रे, चोरटे, तोतरे असे चित्र काढीत आणि गोरा प्रेक्षक पोट धरून हसे. पुढे काळ्या नटांना रंगमंचावर येऊ दिले, तेव्हा त्यांनाही आपल्या काळ्या तोंडावर काजळी फासून यावे लागे. बर्ट विल्यम्ससारख्या थोर विनोदी नटानेही ती फासली. म्हणजे आपण आपलेच सोंग आणावयाचे, तेही दुसऱ्याने ठरवून दिलेले. ह्याहून अस्पृश्यतेची नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही.

गिल्पिन मधल्या काळात न्हावी झाले, आगगाडीत हमाल झाले, इमारतीतली लिफ्ट चालविली. काम मिळाले की रंगमंच, संपले की लिफ्ट. शिकागोत आणि मग न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत काळ्यांनी स्वतःच्या नाटक कंपन्या काढल्या, तेथे त्यांना प्रथमच हसविण्यावाचूनच्या भूमिका मिळाल्या. हार्लेममधले लाफायेट थिएटर १९१५-१६ च्या सुमारास अशा नाटकांनी गजबजलेले होते. त्याच काळात, १९१३ ते १९१६, बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, आणि विद्यापीठापासून ते थिएटर पायी अर्ध्या तासावर. बाबासाहेब तेथे गेले होते असे मला म्हणावयाचे नाही. ग्रंथालयातून उठावयाला त्यांना सवड कोठली! पण एकाच शहरात, इतक्या जवळ, दोन बहिष्कृत समाज आपापली पाटी गिरवीत होते, हे डोळ्यांपुढून जात नाही.

१९१९ मध्ये गिल्पिन ब्रॉडवेवर आले, लिंकनवरील एका नाटकात छोट्या भूमिकेत. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९२० मध्ये, युजीन ओनील यांचे ‘एम्परर जोन्स’ रंगमंचावर आले आणि त्यातली मुख्य भूमिका गिल्पिन यांना मिळाली. तुरुंगातून पळालेला एक काळा माणूस एका बेटावर सम्राट होऊन बसतो, प्रजा उठते, तो रानात पळतो आणि रात्रभर आपल्याच भुतांना तोंड देत मरतो. जवळजवळ सर्व नाटक एका नटाच्या अंगावर. प्रयोग दोनशेच्या वर गेले, नंतर गावोगावचा दौरा झाला. १९२१ साली अमेरिकेच्या ड्रामा लीगने रंगभूमीसाठी वर्षात सर्वाधिक काम केलेल्या दहा जणांत त्यांचे नाव घेतले आणि मग त्यांच्या लक्षात आले की सत्काराच्या जेवणाला काळ्या माणसाला पंगतीत बसवावे लागेल. नाव मागे घेता येईल का, त्यांनी स्वतःच येऊ नये असे सांगता येईल का, अशी कुजबुज सुरू झाली. इतर नट-लेखकांनी गिल्पिन नसतील तर आम्हीही येणार नाही, असे कळविले तेव्हा आमंत्रण कायम राहिले. गिल्पिन गेले. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच साली काळ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यांना आपले स्पिंगार्न पदक दिले.

पंगतीचा हा प्रसंग आपल्याकडच्या कोणालाही नवा नाही. मला त्यापुढचा प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. ओनील यांच्या संहितेत काळ्यांसाठी वापरली जाणारी शिवी पानोपानी होती. गिल्पिन रोज रात्री ती शिवी स्वतःच्या तोंडून उच्चारीत होते. काही काळाने ते ती गाळू लागले, तिच्या जागी सभ्य शब्द घालू लागले. ओनील भडकले. शब्द माझे आहेत, ते बदलण्याचा नटाला अधिकार नाही, अशी त्यांची भूमिका; मारण्याच्या धमकीपर्यंत गोष्ट गेली. गिल्पिन दारू पीत, हेही तक्रारीत होते. १९२४ मध्ये नाटक पुन्हा आले तेव्हा आणि १९२५ च्या लंडनच्या प्रयोगांत ती भूमिका पॉल रॉब्सन यांना दिली गेली. रॉब्सन महान होते, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण सम्राट जोन्स म्हटले की आज जग रॉब्सनचा चेहरा पाहते, कारण १९३३ सालचा चित्रपट त्यांच्यावर निघाला. गिल्पिन यांनी १९२६ मध्ये तेच नाटक पुन्हा उभे केले, पुढे त्यांचा आवाज गेला आणि १९३० मध्ये वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी ते वारले. ओनील यांनीच नंतरच्या काळात कबूल केले की आपल्या मनातले पात्र जसेच्या तसे उभे करणारा नट त्यांना गिल्पिनमध्ये मिळाला होता. कबुली खरी असेल. ती ऐकायला गिल्पिन हयात होते काय, हा प्रश्न उरतोच.

ओनील वाईट माणूस नव्हता. गिल्पिनच्या पंगतीसाठी धडपडणाऱ्यांत तोही होता. पंगत द्यावयाला तो तयार होता, शब्द द्यावयाला तयार नव्हता. आपल्याकडचे पुरोगामी आठवून पाहा.

गिल्पिन यांच्या अखेरच्या वर्षांत अमेरिकेत रेडिओ घराघरांत शिरला. १९२८ साली शिकागोहून ‘एमॉस अँड अँडी’ नावाची मालिका सुरू झाली. दोन काळ्या माणसांच्या रोजच्या गमतीजमती, रोज रात्री पंधरा मिनिटे. ती इतकी गाजली की मालिकेच्या वेळेला चित्रपटगृहे चालू खेळ थांबवून प्रेक्षकांना रेडिओ ऐकवीत. ही दोन्ही पात्रे दोन गोरे नट बोलत होते. रेडिओवर तोंड दिसत नाही, म्हणून काजळीचाही खर्च वाचला! १९३१ साली पिट्सबर्गच्या काळ्यांच्या वृत्तपत्राने मालिका बंद करण्यासाठी लाखो सह्या गोळा केल्या. मालिका बंद झाली नाही. १९५१ मध्ये ती दूरचित्रवाणीवर आली तेव्हा काळे नट घेणे भाग पडले, आणि त्या काळ्या नटांना काय सांगितले गेले? गोऱ्यांनी रेडिओवर काळ्यांची जी बोली ठरवून ठेवली होती तशी बोला.

आता आपल्या रेडिओकडे येऊ. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ चे, पुण्याचे २ ऑक्टोबर १९५३ चे. नभोवाणी खाते सरदार पटेल यांच्याकडे असताना, ज्यांचे खासगी आयुष्य लोकनिंदेचा विषय आहे अशा गाणाऱ्या बायांना केंद्रात घेऊ नये, असे धोरण आले. बाई म्हणजे कोण, हे वेगळे सांगावयाला नको. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी लावणी जिवंत ठेवली त्याच ह्या बाया. लावणी रेडिओवर आली, ती कुलीन कंठातून. विनोदाचेही तेच झाले. खेडवळ गडी, येडा चाकर, बेरकी म्हातारी ही पात्रे रेडिओवर आली आणि शहरी नटांनी ती ‘आलो न्हवं का’ अशा एका ठोकळ बोलीत बोलून दाखविली. मावळची बोली वेगळी, माणदेशची वेगळी, नगरची वेगळी. रेडिओच्या खेड्यात सगळे एकच बोलत.

आणि हे सर्व खेड्यासाठी चालले होते! १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक मोठा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर ह्या पाच जिल्ह्यांत दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे बनविली. फेब्रुवारी ते एप्रिल, आठवड्यातून दोनदा, एकूण वीस कार्यक्रम. लोकांनी ऐकावयाचे, चर्चा करावयाची, प्रश्न केंद्राला कळवावयाचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली आणि प्रयोग यशस्वी ठरला. मी तो हिशेब खोटा म्हणत नाही. माझ्या आजोळच्या गावी त्या काळात सार्वजनिक रेडिओ आला तो चावडीत, आणि आमची माणसे तो चावडीबाहेरच्या कट्ट्याखाली उभी राहून ऐकत. वाऱ्याची दिशा बदलली की बाजारभाव ऐकू येत नसत.

माझे चुलते एकदा रेडिओवर गेले होते. कोणत्या केंद्रावर ते मी लिहीत नाही, कारण तेव्हाचा कोणी माणूस आज उत्तर द्यावयाला नाही. फडातल्या दोघांना घेऊन बतावणी करून दाखवावयाची होती. त्यांना विचारले, कागद कोठे आहे? कागद नव्हता. बरे, पाच मिनिटांत करा. पाच मिनिटांत आमची नमनेही होत नाहीत, चुलते सांगत. मग काचेपलीकडे लाल दिवा लागला. समोर माणूस नाही, हसू नाही, जांभई नाही. सोंगाड्याने पहिले वाक्य टाकले आणि सवयीने थांबला, हशा यावा म्हणून. हशा आला नाही. दुसरे वाक्य त्याला सुचलेच नाही. चुलत्यांनी घाबरून ढोलकीवर थाप मारली, ती काचेपलीकडच्या माणसाच्या कानात इतक्या जोरात गेली की तो उठून आला. तिघे परतीच्या गाडीने गावी आले.

ह्यात रेडिओचा दोष किती आणि कलेचा स्वभाव किती, हे मला अजून नीट सांगता येत नाही. ज्या कलेत निम्मा संवाद प्रेक्षकाचा असतो, ती काचेच्या खोलीत मरणारच. पण कोणी तरी एखादा माईक माळावर न्यावयाचा होता.

दादूंच्या वाट्याला माळही आला आणि शहरातले नाट्यगृहही आले. मराठी रंगभूमीवर त्या वेळी लोकनाट्याची लाट होती. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली आले, दादा कोंडके यांनी त्याचे दीड हजारांवर प्रयोग केले. त्या लाटेत पांढरपेशा प्रेक्षकाला मूळ सोंगाड्या पाहण्याची हौस सुटली आणि ‘गाढवाचं लग्न’ पुण्या-मुंबईत गाजले. मोठमोठ्या नाट्यकर्मींनी दादूंना नटसम्राटांच्या ओळीत बसविले. १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८० साली दादू गेले. वग मात्र गेला नाही. प्रकाश इनामदारांनी तो पुढे वर्षानुवर्षे केला, इतरांनीही केला, २००७ साली मकरंद अनासपुरे यांचा चित्रपट आला. ह्यांतल्या कोणाच्याही गुणांविषयी मला शंका नाही. वग ही काही एका घराची इस्टेट नव्हे. इतकेच की गिल्पिनप्रमाणे दादूंच्याही बाबतीत, भूमिका जगते आणि ज्याने ती अंगावर वाढविली त्याचा चेहरा पुसला जातो. गिल्पिनच्या तोंडी लेखकाने शब्द घातले आणि ते बदलले म्हणून त्याला काढले. दादूंनी रात्रीमागून रात्री स्वतःचे शब्द घातले आणि ते संहितेचे झाले. दोन्हीकडे शब्दाचा मालक नट नव्हता.

पण सगळा हिशेब बाहेरच्यांवर मांडून मोकळे होणे हे ह्या पानांना शोभणारे नाही. तमाशाकडे पाठ आपणही फिरविली. पठ्ठे बापूरावांनी पवळेसारख्या आपल्या मुलींच्या नाचावर मिळविलेला पैसा महाडच्या सत्याग्रहासाठी देऊ केला आणि बाबासाहेबांनी तो नाकारला, असे सांगतात. नाकारणे बरोबरच होते. त्या नकाराने किती बायांची सुटका झाली! चळवळीने तमाशाच्या जागी जलसा आणला. भीमराव कर्डकांच्या मंडळींनी गवळण टाकली, मावशी टाकली, ढोलकी ठेवली. आमच्या घरात हे सर्व १९५६ नंतर घडले. दीक्षेहून परत आल्यावर आजोबांनी चुलत्यांना सांगितले की आता हे वाद्य घरात नको. चुलत्यांनी वाद मुळीच घातला नाही. दोन वर्षांनी ते पिंपरीच्या एका कारखान्यात कामाला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. घरात कोणी विचारले तर ते म्हणत, मी तमाशात होतो तो कोणी दुसरा. जलशात वाजवा असे त्यांना कोणी म्हटले नाही, हे मात्र त्यांना लागून राहिले होते. फडातल्या माणसाचा हात बाटलेला, असे जलसेवाल्यांनाही वाटत होते. आम्ही सोंगे टाकली, त्याबरोबर सोंगाड्यालाही टाकले. राजाला तोंडावर मूर्ख म्हणणारा तो आवाज आमच्या मोर्चात किती कामाला आला असता!

म्हणूनच मला गिल्पिनची ती खोडी सारखी आठवते. त्याने भूमिका सोडली नाही. नाटकात राहून तेवढा एक शब्द दररोज रात्री गाळला.

गेल्या हिवाळ्यात मी इंदुरीला गेलो होतो. चाकणकडे जाणारे मालट्रक गावाच्या कडेने अखंड धावत होते. चहाच्या टपरीवर मी दादू इंदुरीकरांचे घर विचारले. टपरीवाला मुलगा तिशीच्या आतला. त्याला वाटले मी प्रसिद्ध कीर्तनकार इंदुरीकर महाराजांना शोधतो आहे. तो म्हणाला, काका, ते इंदोरीचे, नगर जिल्ह्यातले, तुम्ही उलटे आलात. मी म्हटले, ते नव्हेत, तमाशातले. तो विचारात पडला. बाकावर एक म्हातारा बिडी ओढीत बसला होता. त्याने मान वर न करता विचारले, सावळ्या कुंभार का? मी हो म्हटले. म्हाताऱ्याने बिडी विझविली, उठून उभा राहिला, दोन्ही हात लोंबते सोडले आणि माझ्याकडे पाहत नुसता उभा राहिला.

टपरीवाल्या मुलाला हसू आवरेना.